लीलामावशीचा कैलास

"तात्या, मिशी म्या काढायचो न्हाई. आबा जित्ता हाय माजा. बाकी काय सांगशील ते करतो. लुगडं नेसतो, बांगड्या भरतो, कुकू लावतो. पर वठावर वस्तरा न्हाई फिरवायचा."

"आरं, तुला काढ म्हनलं कुणी? पदर दातात धर. हां, आसा. आता बोल."

"ह्येच्यात बोलायचं कसं? समदं त्वांडातल्या त्वांडात ऱ्हातंय."

"ऱ्हाऊ दे. मावशी हाय ती. तिचं निम्मं बोलणं लोकांनी आपलं आपणच लावून घ्यायचं आसतंय. आन् कंबर कशापायी हालवतुयास?"

"बाई हाय म्हून."

"कंबर हालवली की लोक शिट्ट्या मारत्यात. हसत न्हाईत. मावशीनं खांदा हालवायचा. बग हिकडं."

भैरूतात्या भिंतीला धरून उठला. साठीचा गडी, गुडघे गेलेले, पुढचे दातही गेलेले. पण खांदा एकदाच असा उडवला की देवळामागच्या त्या रिकाम्या पडवीत डोक्यावर मडकी घेतलेल्या गवळणींचा घोळका उभा राहिला. कैलास हसला नाही, बघत राहिला. खांदा आधी जातो, मान मागून येते आणि डोळा सगळ्यांत शेवटी.

हे अठ्ठ्याण्णव सालच्या चैत्रातलं. पौडवरून मुळशीच्या अंगाला जाताना माले लागतं, तिथून आत डोंगराच्या कडेला कैलासची वस्ती. भैरवनाथाच्या जत्रेला तिथले बाप्येच गवळण उभी करायचे. बाहेरचा फड आणला तर देव रुसतो, असं म्हातारे सांगत. गवळणी म्हणजे ओठावर नुकती लव आलेली पोरं, किसनदेव एक, त्याचा लंगडा सोबती पेंद्या एक, आणि गवळणींना मथुरेच्या बाजाराला हाकत नेणारी ही मावशी. गवळण उभी राहते ती देवाच्या नावानं, पण माणसं येतात मावशीसाठी. मुंबईत डबे पोचवणारी गावची माणसं रजा टाकून यायची ती छबिन्याला आणि मावशीला.

या मावशीला एक वहिवाट होती. ती बाप वारलेल्यानंच करायची. कारण बाईला मिशी नसते आणि बापाच्या हयातीत पोरानं मिशी काढली तर तो बापाच्या मरणावर टपलाय असा अर्थ होतो. पौडच्या कॉलेजात तेव्हा बिनमिशीची पोरं हिंडायला लागली होती, पण वस्तीवर नाही. भैरूतात्याचा बाप तात्याला मिसरूड फुटायच्या आधीच गेला, म्हणून त्याला जन्मभर मावशी करायला मिळाली. "बाप लवकर जाण्याचा येवडाच एक फायदा," असं तो म्हणायचा, आणि त्याच्या आईला ते मुळीच आवडायचं नाही.

त्या साली तात्याचे गुडघे बसले आणि बाप गेलेल्यांपैकी कुणाला आवाज नव्हता. आवाज होता कैलासला. म्हणून पदराची युक्ती.

जत्रेत युक्ती निम्म्यात फसली. पेंद्या झालेल्या पोराला चेव आला आणि त्यानं मावशीचा पदर ओढला. पदर दातातून सुटला आणि कुकू लावलेल्या, नथ घातलेल्या तोंडावर ही भली काळी मिशी उघडी पडली. कैलासनं पदर उचलला नाही. मिशीच्या टोकाला पीळ दिला आणि म्हणाला, "काय बगतुयास, मुडद्या? बिनमिशीच्या बाईला मथुरंच्या बाजारात दर देतंय का कुणी?"

त्यावर जे हसू उठलं ते कितीतरी वेळ खाली बसेना. कैलासचा बाप गेणबा पुढच्या ओळीत होता. गेणबा म्हणजे हसायचं काम दुसऱ्यांवर सोडलेला माणूस. सोयरीक जमो नाहीतर बैल मरो, त्याचा चेहरा एकच. तो त्या दिवशी इतका हसला की त्याला ठसका लागला आणि शेजारच्यानं त्याच्या पाठीत बुक्क्या घातल्या. कैलासनं हे वरून पाहिलं. पुढं गवळणीत आपण काय काय बोललो ते त्याला आठवत नाही.

सकाळी गेणबा गोठ्याच्या दारात म्हणाला, "सोंग बरं केलंस. आता त्वांड धू आन् बैलं सोड."

कैलासनं तोंड धुतलं, बैलं सोडली. बाकीच्या गवळणींनीही तेच केलं आणि वर्षभर लुगड्याचं नाव काढलं नाही. कैलासला मात्र त्या नऊवारीच्या आत पहिल्यांदा श्वास पुरा आत गेल्यासारखा वाटला होता. आपण वेगळे आहोत हे त्याला त्याआधीच ठाऊक होतं. पौडला बारावी करताना बाकावर शेजारी बसणाऱ्या एका पोराच्या मनगटाकडं तो तासभर बघत बसायचा. याला काय म्हणतात हे त्याला माहीत नव्हतं. गावात त्यासाठी शब्द होता, पण ती शिवी होती, आणि शिवी आपण होऊन अंगाला लावून कोण घेतं?

मग पोरी बघणं सुरू झालं. कासार आंबोलीला पहिली. पोरगी खाली मान घालून पोहे देऊन गेली, हुशार होती, दिसायला बरी होती. परतताना गेणबानं विचारलं, "काय?"

"नगं."

दुसरीलाही नगं. तिसरीला जायच्या आदल्या दिवशी गेणबा म्हणाला, "पोरीत खोट हाय का तुज्यात?"

"मला पुण्यात काम लागलंय," कैलास म्हणाला. लागलं नव्हतं. पण बोलला, म्हणून जावं लागलं.

चांदणी चौकातल्या एका ढाब्यावर तो ताटं मांडायला राहिला. तिथं कार्यक्रम आटोपून जेवायला येणारी एक मंडळी होती, पुरुषच बायका होऊन नाचणारी. त्यांचा मालक दादासाहेब. वर्षभर ताटं मांडता मांडता कैलासनं त्यांच्या नकला इतक्या केल्या की दादासाहेब एक दिवस म्हणाला, "नाचाचं तुझं काय खरं नाही, कंबर म्हशीची आहे. पण तोंड चालतंय. दोन नाचांच्या मधी पाच मिनिटं उभा राहा. मिशी काढून ये."

कैलास चार दिवस गेलाच नाही. पाचव्या दिवशी रस्त्याकडेच्या न्हाव्यापुढं बसला. न्हावी भुगावच्या बाजूचा. वस्तरा ओठावर टेकवून थांबला आणि हळूच म्हणाला, "कोण गेलं?"

"कुणी न्हाई."

"मग?"

"काढ तू."

न्हाव्यानं काढली.

कैलासनं मग त्यातून वाट काढली. पावसात कार्यक्रम नसतात. ज्येष्ठ लागला की तो वस्तरा बाजूला ठेवायचा आणि आषाढात मिशी घेऊन भात लावायला घरी जायचा. चिखलात उभं राहून आई गोजराबाई आणि धाकटा भाऊ जयसिंग यांच्या बरोबरीनं आवणी करायचा. ढाब्यावर काम करतो, असं सांगायचा. गणपती जवळ आले की पुन्हा गुळगुळीत. गेणबाला मिशीवाला पोरगा दिसत होता आणि दादासाहेबाला बिनमिशीची लीलाबाई मिळत होती.

लीलाबाई हे नाव दादासाहेबानंच ठेवलं. पुढं बायकांनी त्याची लीलामावशी केली. पाच मिनिटांची दहा झाली, दहाची अर्धा तास. नाच बघणारे नाच बघायचेच, पण कोथरूड-बावधनच्या नव्या सोसायट्यांतून निरोप यायला लागले, की हळदीकुंकू आहे, नाच नको, नुसती मावशी पाठवा. तिथं बायका कुठल्या कुठल्या असायच्या, अकोल्याच्या, लातूरच्या, जळगावच्या. नवरे कंपनीत. मावशी माईक घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "बायांनो, तुमची ही बिल्डिंग हाय ना, हितं आमची शेळी चरायची. आता तुमी ऱ्हाता. फरक काय पडला न्हाई, डॉक्टरनं सांगितलंय म्हून तुमीबी पालाच खाताय." बायका हसून हसून कडेवरची पोरं खाली ठेवायच्या. शेवटी हळदीकुंकवाच्या रांगेत मावशी आली की एखादी हात आखडायची, एखादी सरळ हळद लावून ओटीत तांदूळ घालायची. ते तांदूळ तो शिजवून खायचा.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात ही वाट मोडली.

उन्हाळा कडक होता आणि कार्यक्रम लागून लागून होते. केसांचा टोप घामानं आतून कुजल्यासारखा झाला आणि कैलासच्या डोक्यावर गजकर्ण उठलं. औषधवाला म्हणाला, सगळं काढल्याशिवाय मलम लागायचं नाही. त्यानं डोकं तासून घेतलं. मिशी नव्हतीच. त्याच आठवड्यात पौडला बायकांचा एक कार्यक्रम होता. तो करून त्यानं खोबरेल तेलानं काजळ पुसलं, डोळे चोळून लालभडक झाले, पांढरा सदरा घातला आणि पुण्याच्या गाडीसाठी पौडच्या स्टँडवर उभा राहिला.

समोर ताम्हिणीची गाडी लागलेली. खिडकीत खंडूमामा. गोजराबाईचा चुलतभाऊ. कैलासनं हात वर केला. मामानं त्याचं तासलेलं डोकं बघितलं, उघडा ओठ बघितला, लाल डोळे बघितले आणि दोन्ही हात जोडून मान खाली घातली. कैलासला वाटलं, ह्याला काय झालं? तोवर गाडी हलली.

आमच्याकडं सुतकातल्या माणसाला वाटेत काही विचारत नाहीत. विचारायचं ते घरी जाऊन. मामा रीतीनं वागला, त्याचा दोष नाही. घरी गेला, चार घरांत सांगितलं, "आमचं दाजी गेलं, सांगावा बी आला न्हाई," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताम्हिणीहून बायामाणसांनी भरलेली जीप वस्तीवर आली.

पुढचं कैलासला जयसिंगनं सांगितलं. तो दुपारीच मोटरसायकल घेऊन त्याला न्यायला पुण्यात आला होता. हसावं का मारावं हे त्याचं ठरत नव्हतं.

"दादा, बायांनी वढ्यापासनंच सूर धरला. 'आरं माज्या दाजीऽ' म्हून. आबा अंगणात भाकर खात बसल्यालं. त्येंला वाटलं, शेजारचं कोण तरी गेलं, म्हून ते उठून बगाय लागलं. मामी रडत रडत आत शिरली ती आबाच्याच अंगावर. आन् आबाला बगून आडवी झाली. तिला कांदा हुंगवला."

"मग?"

"मग काय. मामानं सांगितलं, पोरगं टकलं बगितलं. तू चल आता. समदी तितंच हायेत. आयेनं भात टाकलाय त्येंच्यासाठी."

अंगणात खरंच सगळी बसलेली होती. रडायला आलेली माणसं जेवून तृप्त झालेली. ज्याच्या नावानं जित्तेपणी रडतात त्याचं आयुष्य वाढतं, असं कुणीतरी म्हणत होतं. कैलास मोटरसायकलवरून उतरला तशी सगळ्यांची नजर आधी डोक्यावर आणि मग ओठावर गेली.

गेणबा म्हणाला, "टकुरं कशापायी काढलंस?"

"गजकर्ण झालंय. टोपानं."

"कसला टोप?"

"बायच्या केसाचा."

"जत्रा चैतात आसती. वैशाखात कसलं सोंग?"

"माजं कामच त्ये हाय, आबा. ढाबा कवाच सोडला."

एका चुलतभावानं तोंडावर उपरणं घेतलं. खंडूमामाला आपणच आग लावली असं वाटत असणार, तो मधी पडला. "आवं दाजी, पोटासाठी करतंय पोरगं. एक लगीन लावून द्या. बायकू आली म्हंजी समदं जाग्यावर येतंय."

इथं कैलास गप्प राहिला असता तर निभावलं असतं. पाच वर्षं निभावलंच होतं. पण डोक्याला मलमाची आग होत होती, रात्री झोप नव्हती, आणि एवढी माणसं एकदमच जमली होती. पुन्हा पुन्हा कोण सांगत बसणार?

"लगीन म्या करायचो न्हाई," तो म्हणाला. "मला बाई नगं. कवाच नगं हुती."

"मग काय पायजे?" उपरण्याआडून प्रश्न आला. कैलासनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. तेवढ्यानं कळायचं त्यांना कळलं. बाया उठून आत गेल्या.

गेणबानं चूळ भरली. आवाज चढवला नाही. "हितं मला रडून झालंय. बायांनी ऊर बडवलं, जेवणं झाली. एका माणसाला दोनदा रडत न्हाईत. म्या खरा मरंल तवा तू येऊ नगं. आग जयसिंग दील. त्वांडात पाणी बी त्योच घालंल."

"आवं, थोरला हाय त्यो," गोजराबाई दारातून म्हणाली.

"पाच माणसांत बोललोय."

कैलास उभा होता. आपल्याला काहीतरी वाटेल म्हणून तो थोडा वेळ थांबला. समोर बापाची सकाळची अर्धी भाकर ताटात तशीच होती आणि तिला मुंग्या लागल्या होत्या. मग तो चालत रस्त्याला आला. गाडीत रडू येईल असं वाटलं होतं. झोप आली. पुण्यात कंडक्टरनं हलवून उठवलं.

पुढची वर्षं बरी गेली, असंच म्हणावं लागेल. काम वाढलं. आषाढात आता मिशी राखायचं कारण उरलं नाही, म्हणून तो बाराही महिने गुळगुळीत राहिला. गोजराबाई शेजाऱ्याच्या फोनवरून बोलायची, पाऊस किती झाला, गाय व्याली का. गेणबाचं नाव दोघंही घेत नसत, पण फोन ठेवताना ती "घरात समदी बरी हायेत" म्हणायची तेव्हा त्याला कळायचं. बाप अजून आहे. म्हणजे त्या गोष्टीची वेळ अजून आली नाही.

हिंजवडीच्या एका कंपनीच्या कार्यक्रमात अमोघ भेटला. नागपूरकडचा, कॉम्प्युटरवाला, चष्मा. मावशीला मागच्या खोलीत येऊन म्हणाला, "तुम्ही जे करता ना, त्याला बाहेर ड्रॅग म्हणतात. मोठी कला आहे ती."

"आमच्याकडं सोंग म्हणत्यात. देवापुढं करत्यात."

अमोघनं त्याला कोरेगाव पार्कातल्या एका बंगल्यावर नेलं. तिथं पोरं पायघोळ झगे घालून, पापण्यांना पिसं लावून इंग्रजी गाण्यावर ओठ हलवत होती. कैलास लुगड्यात गेला आणि माईक मागितला. "बायांनो, येवढी पिसं लावून बसलाय, अंडी कवा घालताय?" त्यानं विचारलं, आणि ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांना दुसऱ्यांनी समजावून सांगितलं, तेव्हा तीही मागून हसली. त्या बंगल्यावर तो नंतर बऱ्याचदा गेला. अमोघ दोन वर्षं कैलासच्या बावधनच्या खोलीवर राहिला. मग बंगलोरची नोकरी आली, मग घरच्यांनी पोरगी बघितली, आणि हे सांगताना अमोघ पाणी पिण्यासाठी दोनदा उठला, तिसरं वाक्य त्यानं पुरं केलं नाही. कैलासनं त्याची बॅग भरून दिली. शर्टांच्या घड्या चांगल्या जमल्या होत्या.

दोन हजार नऊच्या जुलैत अमोघचा फोन आला. "दिल्लीच्या कोर्टानं निकाल दिला. आपण आता गुन्हेगार नाही, कैलास."

"बरं झालं. मला कुटं ठावं हुतं हुतो त्ये," कैलास म्हणाला. तो तेव्हा ब्लाउजला हुक लावत होता. फोन खांद्यावर धरून त्यानं राहिलेले हुक लावले.

त्याच वर्षीच्या मार्गशीर्षात जयसिंगचा फोन आला. "दादा, आबाच्या गालाला गाठ हाय. तंबाकूची. पुण्यात दवाखान्यात इजेचा शेक द्यायचा म्हनत्यात, लई दिस. रोज माल्यावरनं कसं आणायचं?"

"माजी खोली हाय की."

"त्येंला इचारू का?"

"नगं इचारूस. घिऊन ये."

गेणबा आला. खोलीत एका भिंतीला दोरी, दोरीवर लुगडी आणि झगझगीत साड्या. पलंग त्याला दिला, गोजराबाई आणि कैलास खाली. गेणबा कैलासशी बोलायचा नाही. गोजराबाईला सांगायचा, "त्येला म्हणावं, दिवा मालव." कैलास तिला सांगायचा, "आये, त्येंला म्हणावं, गोळी घिऊन मग मालवतो." हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावरून हे चालायचं. शेवटी ती चिडली. "म्या काय पोस्टमन हाय का तुमचा? का फाटक हाय मधलं?" पण निरोप पोचवत राहिली.

मग जयसिंगची बायको बाळंत झाली आणि गोजराबाईला गावी जावं लागलं. निरोप्याच गेला, म्हणून बोलणं सरळ बंदच झालं. सकाळी रिक्षानं दवाखाना, दुपारी परत. शेकानं गेणबाचं तोंड आतून भाजलं. भाकर गेली, भात गेला, पेजही जाईना. पाणी चमच्यानं गालाच्या बऱ्या बाजूनं थेंब थेंब सोडावं लागायचं. कैलास सोडायचा. गेणबा डोळे मिटून घ्यायचा. नंतर कैलास मधी चादर टांगून त्याआड तयार व्हायचा आणि कामाला जायचा. एकदा चादर दोरीवरून निसटली. अर्ध्या लुगड्यातला, कुकू लावलेला कैलास आणि पलंगावरचा गेणबा एकमेकांकडं बघत राहिले. गेणबानं कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं. कैलासनं चादर पुन्हा टांगली.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी शेक थांबवला. आता घरी न्या, म्हणाले. किती दिवस, हे जयसिंगनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

न्यायचं शनिवारी ठरलं. त्याच दुपारी कैलासला मुळशी धरणाच्या काठी एका रिसॉर्टवर काम होतं, कुठल्याशा कंपनीची सहल. वाट तीच. तो लुगड्याची पिशवी घेऊन जीपमध्ये मागं बसला, गेणबाचं डोकं मांडीवर, जयसिंग पुढं जीपवाल्याशेजारी. भुगाव गेलं, पिरंगुट गेलं, पौड गेलं. डोक्याचं वजन फार नव्हतं. कैलास मनात सारखं एकच घोळवत होता, की आता घर येईल आणि मला आत घेणार का? वस्तीवर पोचल्यावर काय बोलायचं, हे त्यानं ठरवलं नव्हतं. काही सुचतही नव्हतं.

माल्याच्या पुढं वस्तीचा कच्चा रस्ता फुटतो. तिथं गेणबानं जीपच्या पत्र्यावर हात आपटला.

"थांबीव."

"काय झालं, आबा?" जयसिंग वळला.

"कैल्याला हितं उतरू दे."

इतक्या आठवड्यांत त्याच्या तोंडून हे नाव पहिल्यांदा आलं होतं. जयसिंग म्हणाला, "आबा, आता आसं नका करू. कोण बगतंय?"

"पाच माणसांत बोललोय." प्रत्येक शब्दाला त्याला गाल धरावा लागत होता. "ती पाची जित्ती हायेत. जाता जाता खोटा पडू का म्या?"

जयसिंगचा चेहरा वाकडा झाला. कैलासनं बापाच्या डोक्याखाली शालीची घडी सरकवली, पिशवी घेतली आणि उतरला. जीपचं मागचं फळकूट लावायला लागला, तर गेणबानं बोटानं थांबवलं.

"पाणी दे."

"म्या देतो, आबा," जयसिंग पुढच्या बाजूनं उतरत म्हणाला.

"तू ऱ्हा. तुजी पाळी मागनं हाय. तवा मला चव लागायची न्हाई."

जयसिंग तिथंच थांबला. जीपवाल्यानं आरशातून बघितलं आणि नजर काढून घेतली. रोज होतं तेच होतं, तोच चमचा, तीच बाटली. कैलासनं फळकुटावर गुडघा टेकवला, बापाची मान उचलली आणि बऱ्या बाजूनं पाणी सोडलं. थेंब आत गेला. गेणबानं या वेळी डोळे मिटले नाहीत. दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला. चौथा ओठावरून सांडला तो कैलासनं सदऱ्याच्या बाहीनं टिपला.

"बास," गेणबा म्हणाला. "जा आता. उशीर व्हईल तुला."

जीप कच्च्या रस्त्याला लागली. फुफाटा उडाला, तिच्यामागं वर गेला आणि बांधावरच्या निरगुडीवर बसला. कैलास रस्त्यात उभा राहिला. काही वाटतंय का, हे त्यानं आपल्याशी तपासलं. पाय आखडले होते, तेवढं कळलं. मागून विटांचा टेम्पो आला, त्याला हात केला.

रिसॉर्टच्या फाटकात अनिमेष उभा होता. हा तिथल्या कार्यक्रमांची व्यवस्था बघायचा. "अरे यार, लीलाताई, किती लेट! पब्लिक जेवून बसलंय, झोपून जाईल."

"झोपंल तर उठवू. खोली कुटली?"

"तीच. जनरेटरच्या शेजारची."

त्यानं दार लावलं, सदरा काढला, ओल्या बाहीकडं न बघता खुंटीला अडकवला. पिशवीतलं लुगडं उलगडलं, निऱ्या घातल्या, काष्टा खोचला. पिना तोंडात धरून एक एक लावल्या. एक वाकली होती, ती फेकून दिली. खिडकीबाहेर हिरवळीवर माणसं खुर्च्या सरकवत होती, कुणीतरी कुणाला तरी पाण्यात ढकलायच्या गोष्टी करत होतं. कुकू लावलं. आरशात बघून पदर सारखा केला आणि दार उघडून अनिमेषपुढं हात केला.

"माइकमधी सेल नवा घातलाय का? मागल्या खेपंला निम्म्यात बंद पडला हुता."